जीसीएसईचे विषय, ग्रेड आणि सिक्स्थ फॉर्मचा प्रवेश: आखणी शेवटापासून सुरू करा

इंग्लंडमधल्या मराठी घरात मूल दहावीच्या वयाचं झालं की भारतातून येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न टक्क्यांचा असतो. जीसीएसईत, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षाच्या विषयवार परीक्षांत, टक्के नसतात, सगळ्या विषयांची बेरीज नसते, वर्गात पहिला-दुसरा नंबर नसतो. प्रत्येक विषयाला स्वतंत्र ग्रेड मिळतो आणि पुढचा प्रवेश या सुट्या ग्रेडांवर ठरतो. नऊ विषयांत चमकलेलं मूल दहाव्या विषयातल्या एका ग्रेडमुळे हवा तो कोर्स गमावू शकतं, आणि मध्यम निकालाचं मूल नेमक्या विषयांत नेमके ग्रेड मिळवून तोच कोर्स घेऊ शकतं. म्हणून सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे जीसीएसईनंतरच्या दोन वर्षांत, काय शिकायचं आहे तिथून मागे यायचं, त्यासाठी कोणत्या विषयात कोणता ग्रेड लागतो ते कागदावर उतरवायचं आणि मग विषय व अभ्यास ठरवायचा.

हा लेख इंग्लंडपुरता आहे. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये जीसीएसई आहे, पण ग्रेड अजून अक्षरांत मिळतात. स्कॉटलंडची पद्धत पूर्ण वेगळी आहे, तिथे नॅशनल फाइव्ह आणि हायर या परीक्षा असतात.

आधी इयत्तेचा हिशेब

इयर इलेव्हन ही आपली अकरावी नव्हे, वयाने ती साधारण दहावीच्या बरोबरीची आहे. जीसीएसई इयर टेन आणि इयर इलेव्हन अशी दोन वर्षं शिकवतात, काही शाळा इयर नाइनपासूनच सुरुवात करतात. परीक्षा इयर इलेव्हनच्या मे-जूनमध्ये असते. वर्ष १ सप्टेंबरपासून मोजतात: १ सप्टेंबर २००९ ते ३१ ऑगस्ट २०१० या काळात जन्मलेली मुलं २०२५-२६ मध्ये इयर इलेव्हनला. त्यापुढची इयर ट्वेल्व्ह आणि थर्टीन ही दोन वर्षं म्हणजे सिक्स्थ फॉर्म. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांपर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं बंधनकारक आहे, पण ते शाळेतच व्हायला हवं असं नाही. सिक्स्थ फॉर्म कॉलेज, फर्दर एज्युकेशन कॉलेज किंवा अप्रेंटिसशिप हे मार्गही खुले असतात.

ग्रेडचा अर्थ लावताना

जीसीएसई १९८८ साली पहिल्यांदा झाली, तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षं ग्रेड अक्षरांत होते. २०१७ मध्ये इंग्रजी भाषा, इंग्रजी साहित्य आणि गणित या तीन विषयांत ९ ते १ हे आकडे आले, पुढे बाकीचे विषयही बदलले. ९ सर्वांत वरचा, १ सर्वांत खालचा, आणि त्याखाली यू म्हणजे ग्रेडच नाही. जुन्या ए ग्रेडची खालची रेघ आजच्या ७ च्या खालच्या रेघेशी जुळवली आहे आणि जुन्या सीची ४ शी. ४ ला स्टँडर्ड पास म्हणतात, ५ ला स्ट्राँग पास. पुढच्या आयुष्यात जिथे नुसतं 'जीसीएसई पास' असं मागतात तिथे बहुतेक वेळा ४ पुरतो. शिक्षक व्हायचं तर इंग्रजी आणि गणितात ४ लागतो, आणि प्राथमिक शाळेसाठी विज्ञानातही.

टक्क्यांची सवय असलेल्या आईबाबांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात त्या ग्रेड बाउंड्री. कोणत्या ग्रेडला किती गुण लागतील हे आधी ठरलेलं नसतं. पेपर तपासून झाल्यावर परीक्षा मंडळ त्या वर्षीच्या काठिण्यानुसार सीमा ठरवतं, आणि त्या निकालाच्या दिवशी जाहीर होतात. एक्यूए आणि पिअर्सन एडेक्सेल या दोन्ही मंडळांचं गणित ८० गुणांच्या तीन पेपरांचं, म्हणजे २४० गुणांचं असतं. त्यातल्या हायर, म्हणजे वरच्या पातळीच्या, पेपरमध्ये ७ मिळायला बऱ्याचदा ५५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान गुण पुरतात, आणि ४ मिळायला साधारण २० टक्के. म्हणून मुलगी मॉक, म्हणजे सराव, परीक्षेत ६० टक्के घेऊन आली तर आधी ओरडू नका, त्या पेपरची सीमा पाहा. भारतात ज्याला 'जेमतेम फर्स्ट क्लास' म्हणतात, तो इथे जुन्या एच्या जवळपासचा निकाल असू शकतो. मंडळांच्या संकेतस्थळांवर मागच्या वर्षांच्या सीमा आणि प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. मात्र आधी शाळेला प्रत्येक विषयाचं मंडळ विचारून घ्या. एकाच शाळेत गणित एडेक्सेलचं, इंग्रजी एक्यूएचं आणि कॉम्प्युटर सायन्स ओसीआरचं असणं अगदी नेहमीचं आहे.

विषय: सक्तीचे कोणते, निवडीचे कोणते

मुलं साधारण आठ ते दहा जीसीएसई देतात. गणित, इंग्रजी भाषा आणि विज्ञान सगळ्यांनाच असतं, इंग्रजी साहित्यही जवळजवळ सगळीकडे असतं. काही शाळांत धार्मिक अभ्यासाची जीसीएसई सर्वांना असते. उरलेले तीन-चार विषय मूल इयर एट किंवा नाइनमध्ये निवडतं, त्यालाच ऑप्शन्स म्हणतात.

विज्ञानाच्या दोन वाटा आहेत. ट्रिपल सायन्समध्ये बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि फिजिक्स हे तीन स्वतंत्र विषय आणि तीन ग्रेड. कम्बाइंड सायन्समध्ये तिन्ही शिकवतात, पण त्याच्या दोन जीसीएसई मोजतात आणि ग्रेड जोडीने येतो: ७-७, ७-६, ६-६ असा. कम्बाइंड घेतलं की डॉक्टर-इंजिनिअरची वाट बंद, ही आपल्या मंडळींत फार पसरलेली समजूत चुकीची आहे. ए लेव्हलचं, म्हणजे सिक्स्थ फॉर्मला साधारण तीन विषय घेऊन देतात त्या परीक्षेचं, विज्ञान कम्बाइंडवरूनही घेता येतं, बहुतेक सिक्स्थ फॉर्म दोन्हींसाठी अट स्वतंत्र लिहून देतात. मुलाला विज्ञानाची मनापासून आवड असेल तर ट्रिपल जरूर घ्यावं. नसेल तर तीन ठिकाणी ५ मिळवण्यापेक्षा कम्बाइंडमध्ये ७-७ मिळवणं जास्त उपयोगाचं.

ऑप्शन निवडताना एक गोष्ट तपासा: ए लेव्हलला हा विषय घ्यायचा तर तो जीसीएसईला असावा लागतो का? फ्रेंच, स्पॅनिश, संगीत आणि बऱ्याच ठिकाणी आर्टसाठी तो लागतोच. इतिहास-भूगोलासाठी असलेला बरा. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा हे विषय मात्र सिक्स्थ फॉर्मला नव्याने सुरू करता येतात. तिथे इंग्रजी आणि गणिताचे ग्रेड पाहतात. कॉम्प्युटर सायन्सबाबत प्रत्येक ठिकाणचं धोरण निराळं असतं, पण गणितात वरचा ग्रेड असेल तर अनेक ठिकाणी चालतं.

शिवाय परीक्षेआधीचं काम किती, तेही पाहून घ्या. आर्टमध्ये ६० टक्के भार पोर्टफोलिओवर असतो, डिझाइन अँड टेक्नॉलॉजीत निम्मा भार प्रकल्पावर. असे दोन-तीन विषय एकत्र घेतले की इयर इलेव्हनचा हिवाळा त्यातच जातो. शाळा ईबॅकचा आग्रह धरत असेल, म्हणजे इंग्रजी, गणित, विज्ञान, एक भाषा आणि इतिहास किंवा भूगोल हा संच, तर ते मुळात शाळेच्या कामगिरीचं मोजमाप म्हणून आलं हे लक्षात ठेवा. मुलाला त्याचं वेगळं प्रमाणपत्र मिळत नाही.

मराठीची जीसीएसई नाही. गुजराती, पंजाबी, बंगाली आणि उर्दूची आहे. घरात त्यांपैकी एखादी भाषा चांगली येत असेल तर तिचा विचार करा. हिंदीसाठी केंब्रिजची आयजीसीएसई (जीसीएसईची आंतरराष्ट्रीय आवृत्ती) आहे, पण ती बहुतेकदा खासगी परीक्षार्थी म्हणून, स्वतः केंद्र शोधून आणि फी भरून द्यावी लागते.

फाउंडेशन की हायर

गणित, विज्ञान आणि फ्रेंच-स्पॅनिशसारख्या भाषा यांचे पेपर दोन पातळ्यांवर असतात. फाउंडेशनमध्ये १ ते ५ ग्रेड मिळू शकतात, हायरमध्ये ४ ते ९. हायरमध्ये ४ थोडक्यात हुकला तर ३ मिळतो, त्याहून खाली गेलं तर थेट यू. कम्बाइंड सायन्सच्या फाउंडेशनची मर्यादा ५-५ आहे. इंग्रजी, इतिहास, भूगोल यांना पातळ्या नाहीत.

मूल फाउंडेशनला बसलं तर सगळं बरोबर सोडवूनही ५ च्या वर जाऊ शकत नाही. ए लेव्हल गणिताला सहसा ६ किंवा ७ मागतात, म्हणजे फाउंडेशनचा निर्णय झाला त्याच दिवशी ती वाट बंद होते. हा निर्णय शाळा घेते, बऱ्याचदा इयर टेनच्या सेटवरून, म्हणजे कुवतीप्रमाणे पाडलेल्या गटावरून, आणि परीक्षेची नावनोंदणी इयर इलेव्हनच्या फेब्रुवारीच्या सुमारास होते. म्हणून पॅरेंट्स ईव्हनिंगला 'कसा आहे आमचा मुलगा?' असं मोघम विचारू नका. विचारा: तो कोणत्या टिअरला, म्हणजे पातळीला, आहे? कशावरून ठरवलं? बदल शक्य असेल तर मॉकमध्ये किती गुण दिसायला हवेत? शिक्षकांना नेमका प्रश्न आवडतो आणि उत्तरही नेमकं मिळतं.

याची दुसरी बाजूही आहे. गणितात ४ मिळवण्यासाठीच धडपडणाऱ्या मुलाला केवळ नावासाठी हायरला बसवण्याचा हट्ट करू नये. हायरमध्ये ४ ला गुण कमी लागतात हे खरं, पण पेपरचा बराच भाग त्याला न सुटणारा असतो आणि पहिल्याच पानांनंतर मूल खचतं. फाउंडेशनमध्ये ४ साठी निम्म्याहून बरेच जास्त गुण लागतात, पण ते प्रश्न त्याच्या आवाक्यातले असतात.

प्रवेशाच्या अटी नीट वाचणं

प्रत्येक सिक्स्थ फॉर्म आपल्या अटी स्वतः ठरवतो. देशभर एक नियम नाही, कटऑफची एक यादी नाही. संकेतस्थळावर 'एंट्री रिक्वायरमेंट्स' असं पान असतं, ते डाउनलोड करून ठेवा. त्यात तीन थर असतात. पहिला सर्वसाधारण: उदाहरणार्थ पाच विषयांत ४ किंवा ५, त्यात इंग्रजी आणि गणित. दुसरा सरासरीचा, जो काहीच ठिकाणी असतो: सर्वोत्तम आठ विषयांची सरासरी अमुक. तिसरा थर विषयवार, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. ढोबळ अंदाज असा: गणिताला ६ किंवा ७, फर्दर मॅथ्सला (प्रगत गणिताला) ७ ते ९, विज्ञानाच्या विषयांना त्या विषयात ६ किंवा ७ आणि अनेकदा गणितातही ६, निबंधाच्या विषयांना इंग्रजीत ५ किंवा ६. ग्रामर स्कूलमध्ये (प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळांत) आणि मागणी असलेल्या कॉलेजांत अटी याहून वर असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ईशाचा निकाल असा आहे: गणित ७, इंग्रजी भाषा ५, इंग्रजी साहित्य ६, कम्बाइंड सायन्स ७-६, भूगोल ६, कॉम्प्युटर सायन्स ७, आर्ट ५, स्पॅनिश ४. कम्बाइंडचे दोन धरून नऊ जीसीएसई झाल्या. बेरीज ५३. स्पॅनिशचा ४ सोडला तर सर्वोत्तम आठांची बेरीज ४९ आणि सरासरी ६.१. तिच्या शाळेची सर्वसाधारण अट आहे इंग्रजी-गणितासह पाच विषयांत ५, आणि सरासरी ५.५. दोन्ही आरामात पूर्ण झाल्या. घरी पेढे वाटले.

आता तिला हवेत गणित, केमिस्ट्री आणि अर्थशास्त्र. गणिताला ७ हवा होता, मिळाला. केमिस्ट्रीला केमिस्ट्रीत ७ किंवा कम्बाइंडमध्ये ७-७ हवा, तिला ७-६ आहे. अर्थशास्त्राला गणितात ६ आणि इंग्रजी भाषेत ६ हवा, तिला इंग्रजी भाषेत ५ आहे. सरासरी उत्तम असूनही तीनपैकी दोन विषय हातचे गेले, आणि दोन्ही एकेका ग्रेडने. शेजारच्या कॉलेजची अट केमिस्ट्रीला ६-६ आणि अर्थशास्त्राला इंग्रजीत ५ असेल, तर तिथे तिला तिन्ही विषय मिळतील. हे ऑगस्टमध्ये कळण्याऐवजी आदल्या ऑक्टोबरात कळलं असतं, तर स्पॅनिशमागे घालवलेले तास तिने इंग्रजी भाषेला दिले असते.

म्हणून एक तक्ता करा, साध्या वहीत चालेल. डावीकडे मुलाला हवे असलेले तीन ए लेव्हल आणि एक राखीव विषय. पुढे तीन संस्थांचे रकाने, प्रत्येकात त्या विषयाची अट. शेवटच्या रकान्यात मॉकचा ग्रेड. जिथे मॉक अटीपेक्षा कमी आहे तिथे लाल खूण. लाल खुणा जिथे जमतील, तिथे अभ्यासाचे तास जायला हवेत. माझ्या पाहण्यात तरी आपल्या मुलांच्या तक्त्यात लाल खूण गणितात क्वचित आणि इंग्रजी भाषेत वारंवार येते. त्या पेपराला ठरलेलं पुस्तक नसतं, न वाचलेला उतारा समोर येतो, म्हणून 'त्याचा काय अभ्यास करायचा' असं म्हणून तो मागे पडतो. त्यावर उपाय एकच: जुने पेपर घड्याळ लावून लिहायचे आणि मार्क स्कीम, म्हणजे गुण कशाला द्यायचे त्याची यादी, हातात घेऊन शिक्षकांकडून तपासून घ्यायचे.

वैद्यकीय शिक्षणाचा विचार असेल तर आणखी एक रकाना वाढवा. मेडिकल स्कूल ए लेव्हलसोबत जीसीएसईही पाहतात, आणि इंग्रजी-गणितात किमान किती हवं ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

अर्ज कधी, कसा

ओपन ईव्हनिंग बहुतेक ठिकाणी इयर इलेव्हनच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात आणि अर्ज त्याच हिवाळ्यात जातात. मुदत प्रत्येकाची निराळी. स्वतःच्याच शाळेत पुढे जायचं असलं तरी अर्ज लागतो, आणि बाहेरचा किमान एक अर्ज असू द्यावा. विंचेस्टरचं पीटर सायमंड्स किंवा केंब्रिजचं हिल्स रोड यांसारखी मोठी सिक्स्थ फॉर्म कॉलेजं दूरदूरच्या मुलांना ओढतात, पण तिथे कोणत्या शाळांना प्राधान्य आहे हे आधी वाचा. रोजच्या प्रवासाचा खर्चही धरा. लंडनमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना झिप ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डावर बस फुकट असते, इतरत्र तसं गृहीत धरू नका. उत्पन्न कमी असेल तर १६ ते १९ बर्सरी फंडाबद्दल कॉलेजला विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काहीच नाही.

अर्जानंतर प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे शाळेने वर्तवलेले ग्रेड, पाहून सशर्त ऑफर येते. एकाहून जास्त ऑफर हातात ठेवता येतात. सरकारी शाळेच्या सिक्स्थ फॉर्मबाबत आपला हक्क माहीत असू द्या: शैक्षणिक अट आतल्या आणि बाहेरच्या मुलांना सारखीच असावी लागते, विषयांवर बोलण्यासाठी भेट ठेवता येते पण त्या भेटीवरून प्रवेश ठरवता येत नाही, आणि प्रवेश नाकारला तर अपील करता येतं. सिक्स्थ फॉर्म कॉलेजांना मात्र हे नियम लागू नाहीत, तिथे मुलाखत होऊ शकते.

सगळ्यांनी ए लेव्हलच घ्यावं असंही नाही. टी लेव्हल २०२० पासून आहे. तो एकच अभ्यासक्रम तीन ए लेव्हलच्या तोडीचा असतो आणि त्यात किमान ३१५ तास, म्हणजे साधारण ४५ दिवस, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जातात. हाताने काम करत शिकणाऱ्या मुलाला तो मानवतो. त्याच्या अटीही वेगळ्या पाहाव्या लागतात.

निकालाच्या दिवशी

जीसीएसईचा निकाल ऑगस्टमधल्या तिसऱ्या किंवा चौथ्या गुरुवारी लागतो, ए लेव्हलच्या निकालानंतर आठवड्याने. २०२५ मध्ये तो २१ ऑगस्टला होता. त्या आठवड्यात भारताची तिकिटं काढू नका. सिक्स्थ फॉर्मची नावनोंदणी त्याच दिवशी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत असते आणि मुलाला स्वतः जावं लागतं.

एखादा ग्रेड कमी पडला तर सकाळीच सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखांना गाठा. त्या विषयात जागा उरली असेल तर काही ठिकाणी एका ग्रेडची सवलत देतात. दुसरा विषय सुचवला तर हो म्हणण्याआधी दहा मिनिटं मुलाशी बोला. दोन वर्षं त्याला तो विषय शिकायचा आहे. त्याच वेळी राखीव कॉलेजलाही फोन करा.

गुण सीमेच्या अगदी जवळ असतील तर फेरतपासणी मागता येते. अर्ज शाळेमार्फतच करावा लागतो. आधी शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरकडून नेमके गुण विचारा, शक्य असेल तर तपासलेली उत्तरपत्रिका मागवून शिक्षकांना दाखवा. ग्रेड बदलला तर फी परत मिळते, पण तो खालीही जाऊ शकतो. एक-दोन गुणांनी हुकलं असेल तर मी मागवा म्हणेन, दहा गुणांनी असेल तर नको.

इंग्रजी किंवा गणितात ४ च्या खाली ग्रेड आला तरी कॉलेजचा प्रवेश बंद होत नाही, पण तो विषय पुढे चालू ठेवावा लागतो. पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलाला ३ मिळाला असेल तर पुन्हा जीसीएसईच द्यावी लागते, २ किंवा कमी असेल तर फंक्शनल स्किल्स या व्यवहारोपयोगी परीक्षेचाही पर्याय असतो. नोव्हेंबरची पुनर्परीक्षा फक्त इंग्रजी भाषा आणि गणित यांची होते, बाकी विषयांना पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं.

भारतातून मध्येच आलेल्या मुलांसाठी

इयर टेनच्या सुरुवातीला आलं तर मूल सहसा सावरतं. इयर इलेव्हनमध्ये आलं तर अवघड जातं, कारण निम्मा अभ्यासक्रम होऊन गेलेला असतो. अशा वेळी दहा विषयांचा अट्टहास सोडून इंग्रजी, गणित, विज्ञान आणि जमतील तेवढेच इतर विषय द्यावेत का, हे शाळेशी मोकळेपणी बोला.

दहावी झाल्यावर आलं तर एसएससी, सीबीएसई किंवा आयसीएसईची मूळ गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला हाताशी ठेवा. कोणते गुण कोणत्या ग्रेडच्या बरोबरीचे मानायचे हे संस्था ठरवते, काही ठिकाणी परदेशी पात्रतांची तुलना करणाऱ्या यूके एनिकचं तुलनापत्र मागतात. गणित-विज्ञानाचे गुण सहसा मान्य होतात, इंग्रजीबाबत मात्र स्वतंत्र चाचणी किंवा जीसीएसई इंग्रजी द्यायला सांगू शकतात. जन्मतारखेचाही हिशेब करा: डिसेंबर २००९ मध्ये जन्मलेलं मूल महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये दहावी झालेलं असू शकतं, पण सप्टेंबर २०२५ ला इथे त्याची इयत्ता इयर इलेव्हनच. शाळा ते वर्ष देत असेल तर नाकारू नका. मुलाला इथली परीक्षा देण्याची संधी मिळते आणि सिक्स्थ फॉर्मचे दरवाजे जास्त उघडतात.

मूळ प्रमाणपत्रं निकालानंतर काही महिन्यांनी शाळेत येतात. ती स्वतः जाऊन घ्या. शाळा ती कायम सांभाळत नाही, आणि हरवली तर प्रत्येक मंडळाकडे वेगळा अर्ज आणि वेगळी फी भरावी लागते.